रोज वर्डल सुटतं, तरी पेपरात इंग्रजी का अडतं? शब्दांच्या खेळांचा खरा उपयोग समजून घ्या

चाकूर : सकाळच्या लातूर गाडीत बसलं की निम्म्या सीटवर मोबाइलचा उजेड दिसतो. कुणी रील पाहतं, कुणी टेस्ट सिरीज सोडवतं आणि एखाददुसरा पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द शोधत असतो. चौथ्या प्रयत्नात सगळे चौकोन हिरवे झाले की स्क्रीनशॉट थेट स्टेटसला. पण त्याच मोबाइलवर बायोलॉजीचा प्रश्न उघडतो, ‘ऑल ऑफ द फॉलोइंग आर करेक्ट एक्सेप्ट’ अशी ओळ येते आणि बोट भलत्याच पर्यायावर जातं.

‘एक्सेप्ट’ म्हणजे सोडून, वगळून. घाईत ते ‘ॲक्सेप्ट’सारखं वाचलं गेलं की विद्यार्थी चुकीचं विधान शोधायचं सोडून बरोबर विधान निवडतो. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला उणे १. म्हणजे धडा पाठ असूनही एका शब्दापायी ५ गुणांचा फरक. प्रवेशाच्या यादीत ५ गुणांनी किती जण मागं पडतात, हे लातूर पॅटर्नच्या भागातल्या घरांना वेगळं सांगायला नको.

शब्दसंग्रह वाढवण्यासाठी क्विझ, गेम आणि ॲप सुचवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. त्यातलं कामाचं काय आणि नुसती करमणूक काय, ते पाहू.

अडतं ते कुठल्या शब्दांवर?

‘मायटोकॉन्ड्रिया’ किंवा ‘फोटोसिंथेसिस’वर सहसा कुणी अडत नाही. हे शब्द सर फळ्यावर लिहून समजावतात, पुस्तकात त्यांची व्याख्या असते, आकृती असते. ‘वॉटर’, ‘बिग’, ‘गो’ हे तर शाळेत पाय ठेवल्यापासून कानावर असतात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० मध्ये. आज अकरावीत बसलेल्या मुलानं मराठी माध्यमातून दहावी केली असली, तरी त्याची इंग्रजीची दहा वर्षं झालेली आहेत.

अडचण मधल्या थरात आहे. अझ्यूम, डिराइव्ह, इनिशियल, इंडिकेट, व्हेअरॲज, रिस्पेक्टिव्हली, नेग्लिजिबल. हे शब्द कुठल्याच तासाला शिकवले जात नाहीत. इंग्रजीच्या सरांना वाटतं ते फिजिक्सचे आहेत, फिजिक्सच्या सरांना वाटतं ते इंग्रजीचे.

माझंच सांगते. इंजिनिअरिंगला गेले तेव्हा एका ॲपवर पाठ केलेले ‘अमेलिओरेट’, ‘युबिक्विटस’ असले दोनेकशे भारदस्त शब्द माझ्याकडं होते. पहिल्याच सेमिस्टरला मेकॅनिक्सच्या पेपरात ‘नेग्लेक्टिंग द वेट ऑफ द बीम’ असं आलं आणि मी पंधरा मिनिटं बीमचं वजन शोधत बसले. ते दिलेलंच नव्हतं, कारण ते धरायचंच नव्हतं. ‘अमेलिओरेट’ मात्र त्या चार वर्षांत एकदाही भेटला नाही.

काही शब्द तर ओळखीचे आहेत म्हणूनच फसवतात. चाकुरात ‘टेन्शन’ सगळ्यांना असतं, फिजिक्समध्ये ते दोरीला असतं. ‘कॉपी’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर परीक्षा हॉल आणि भरारी पथक येतं. इंग्रजीत ती साधी प्रत असते.

या मधल्या थराची रीतसर मोजदाद झालेली आहे. त्याची सुरुवात आपल्याच उपखंडात झाली. इंग्रज राजवटीत ढाक्याला शिक्षण खात्यात असलेल्या मायकेल वेस्ट यांना दिसलं की, बंगाली मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत क्वचित लागणाऱ्या, जुनाट शब्दांची गर्दी आहे आणि मुलं तिथंच अडकतात. त्यांनी असे शब्द काढून नेहमीच्या शब्दांत वाचनमाला तयार केल्या. पुढं १९५३ मध्ये सुमारे २,००० उपयोगी शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये त्यापुढचं काम केलं. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांचा सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून त्यांनी ५७० शब्दगट वेगळे काढले. ते वेस्ट यांच्या यादीत नव्हते, पण सगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा येत होते. शब्दगट म्हणजे एक कुटुंब : अझ्यूम, अझ्यूम्ड, अझम्प्शन हे सगळे मिळून एक. कॉक्सहेड यांनी तपासलेल्या मजकुरात वेस्ट यांच्या यादीनं साधारण ७६ टक्के शब्द व्यापले आणि या ५७० गटांनी आणखी १० टक्के.

आता साधा हिशोब करा. रोज ५ गट घेतले तर ५७० गटांना ११४ दिवस लागतात. १५ जूनला सुरुवात केली तर ६ ऑक्टोबरला यादी संपते. ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ या नावानं शोधलं की ती इंटरनेटवर मोफत मिळते. दहावीची सुट्टी संपता संपता अकरावीच्या मुलानं हाती घ्यावं असं यापेक्षा स्वस्त काम मला तरी माहीत नाही.

वर्डल खेळून शब्द वाढतात का?

फारसे नाही. तो खेळ त्यासाठी केलेलाच नाही. जॉश वॉर्डल या सॉफ्टवेअर इंजिनिअरनं तो आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला. इंग्रजीत पाच अक्षरांचे सुमारे १२,००० शब्द त्याला मिळाले. त्यातले ओळखीचे कुठले, हे पलकनं निवडलं आणि उत्तरांसाठी सुमारे २,५०० उरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला, जानेवारी २०२२ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं तो विकत घेतला. म्हणजे उत्तरं मुद्दामच माहितीतली ठेवलेली आहेत. स्पेलिंगची नजर बसते, कुठल्या अक्षरामागं कुठलं अक्षर येतं हे कळू लागतं. पण सहा प्रयत्नांत एकदाही कुणी तुम्हाला शब्दाचा अर्थ विचारत नाही.

अर्थ न कळता शब्दांच्या खेळात कुठवर जाता येतं, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे नायजेल रिचर्ड्स. न्यूझीलंडचा हा स्क्रॅबल खेळाडू २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. सुमारे नऊ आठवड्यांत त्यानं खेळाचा फ्रेंच शब्दकोश पाठ केला होता. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्यानं तेच करून दाखवलं. ही स्मरणशक्ती अफाटच म्हणायची, पण पॅरिसमध्ये चहा मागायला ती उपयोगाची नाही.

मग क्विझ सोडून पाठांतरच करायचं?

उलट, क्विझमधली एक गोष्ट पाठांतराहून कितीतरी भारी आहे : पुस्तक मिटून आठवायला लागणं. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थासह शिकायला दिले होते. काही गटांत, शब्द एकदा बरोबर आला की त्याची पुन्हा चाचणी घेणं बंद केलं. बाकीच्यांत, आलेला शब्दही पुन्हा पुन्हा विचारला गेला. आठवड्यानंतर चाचणी चालू राहिलेल्या गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, बंद झालेल्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. चाचणी बंद केल्यावर ते शब्द नुसते वाचत राहिलेल्या गटालाही त्या वाचनाचा फायदा झाला नाही.

यातला मला सर्वांत पटलेला भाग वेगळाच आहे. आठवड्यानं किती शब्द आठवतील, असं आधी विचारलं तेव्हा सगळ्याच गटांनी निम्म्याच्या आसपासचा आकडा सांगितला होता. आपलं किती पक्कं झालंय, याचा आपला अंदाज इतका कच्चा असतो. ‘वाचलंय रे सगळं’ म्हणणारा मित्र प्रत्येक होस्टेलवर असतो.

मोबाइलवरच्या बहुतेक क्विझमध्ये मात्र चार पर्याय समोर असतात. दोन उघडच चुकीचे, तिसरा संशयास्पद, म्हणून चौथा बरोबर. गुण मिळतो, शब्द डोक्यात राहत नाही. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुणांचे, चुकीला अर्धा गुण वजा. तिथं पर्याय गाळण्याची सवय हवीच. पण शिकताना पर्याय अंगठ्यानं झाका, उत्तर मनात म्हणा, मग अंगठा उचला. एवढ्या एका बदलानं तीच क्विझ वेगळी होते.

डबा, भेंड्या आणि फवारणीचं औषध

जर्मन विज्ञान पत्रकार झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये पाच कप्प्यांच्या डब्याची युक्ती सांगितली. तिला मोबाइलही लागत नाही. बुटाच्या खोक्याला पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. लग्नसराईत घरात साठलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापल्या की चिठ्ठ्या फुकटात होतात. एका बाजूला मराठी अर्थ, मागं इंग्रजी शब्द आणि तुमच्या पुस्तकातलं किंवा पेपरातलं एक वाक्य. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. आठवली तर पुढच्या कप्प्यात, चुकली तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्यानं, असं ठरवून घ्या. हेच काम मोबाइलवर करायचं तर ‘आंकी’ आहे. अँड्रॉइडवर ते मोफत मिळतं आणि नेट नसतानाही चालतं. आयफोनवर पैसे पडतात.

चिठ्ठ्यांत शब्द कुठले घालायचे? मागच्या तीन टेस्टमध्ये ज्या शब्दांमुळं प्रश्न चुकला किंवा दोनदा वाचावा लागला, ते आधी. दुसऱ्यानं तयार केलेली हजार शब्दांची पीडीएफ नंतर.

गाडीत चौघं असाल तर भेंड्या खेळा. शेवटच्या अक्षरावरून पुढचा इंग्रजी शब्द, पण वाक्यात वापरला तरच तो धरायचा. त्याहून चांगला खेळ म्हणजे एकानं शब्द न उच्चारता इंग्रजीत त्याचं वर्णन करायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचा. पहिले दोन दिवस सगळे हसतात, तिसऱ्या दिवशी वाक्यं सुटू लागतात.

घरातही सामान कमी नाही. मोटारीचा स्टार्टर, फेज, ओव्हरलोड हे शब्द आजोबांनाही येतात. सोयाबीनवर फवारायच्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. जवळच्या बारीक अक्षरांत ‘अँटिडोट’ हा शब्द सापडतो. त्याचा अर्थ विषावरचा उतारा. घरात तो निदान एकाला तरी यायलाच हवा.

त्यावरूनच एक खेळ सुचला. मराठीत ‘उतारा’ तलाठ्याकडं मिळतो, भाषेच्या पेपरात वाचून प्रश्न सोडवायला येतो आणि विषावरही देतात. इंग्रजीत या तिघांना तीन शब्द आहेत : एक्स्ट्रॅक्ट, पॅसेज, अँटिडोट. आता ‘भाव’ घ्या, आडतीवरचा आणि चेहऱ्यावरचा. मग ‘धार’ : विळ्याची, दुधाची, पावसाची. पर्याय दिलेले नाहीत.