हेदवीच्या सड्यावरील एक वर्तुळ : विमानचित्रांतील खुणा कशा वाचाव्या

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं हेदवी (तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी) येथील सड्याचें एक विमानचित्र आम्हांकडे धाडिलें. भोंवतालचें गवत वाळून पिवळें पडलें आहे आणि मध्यें एक वाटोळें कडें मात्र हिरवें राहिलें आहे, असें त्यांत स्पष्ट दिसत होतें. हें महापाषाणयुगांतील थडगें असावें, असा स्नेह्यांचा तर्क. व तो या त्रैमासिकांतून प्रसिद्ध व्हावा अशी त्यांची इच्छा. त्या तर्काचा निकाल पुढें सांगूं. परंतु अशीं चित्रें आतां घरबसल्या पाहावयास मिळूं लागलीं असल्यामुळें तीं वाचावीं कशीं, याचा विचार प्रथम करणें अवश्य आहे.

पोथ्यांचा व्यासंग असलेल्यांस हा विषय परका वाटूं नये. हरताळ लावून झांकलेलें अक्षर पान उजेडासमोर धरलें असतां जसें उमटतें, तसें नांगरटीनें पुसलेलें काम पिकांतून उमटतें. जमिनींत पूर्वीं चर खणलेला असून तो कालांतरानें भरून गेला, तर त्या जागीं माती खोल राहते व ओल अधिक टिकते. त्यावरील पीक उंच वाढतें व उशिरां पिकतें. खालीं भिंत किंवा दगडांची रास असेल, तर उलट पीक खुरटतें व लौकर पिवळें पडतें. शेतांत उभें राहून पाहणारास हा भेद कळत नाहीं; उंचावरून पाहतां त्याची आकृति बनते. अवर्षणाचें वर्ष शेतकऱ्यास जितकें वाईट, तितकें या कामास चांगलें. आयर्लंडांत न्यूग्रेंजजवळ २०१८ च्या जुलैंत एक मोठें प्रागैतिहासिक वर्तुळ उघडकीस आलें, तें अशाच कोरड्या उन्हाळ्यांत, अँटनी मर्फी व केन विल्यम्स यांनीं उडविलेल्या ड्रोन-यंत्रांच्या चित्रांमुळें.

या विद्येचें सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र जुनें आहे. इंग्लंडांत स्टोनहेंजपासून सुमारें दोन मैलांवर नांगरून सपाट झालेलें एक वर्तुळ होतें व तें थडग्याचा उंचवटा समजलें जात असे. १९२५ सालीं गिल्बर्ट इन्सॉल या वैमानिकास त्यांत आंतल्या बाजूस ठिपके दिसले. पुढील उन्हाळ्यांत गहूं उभा असतां तेच ठिपके गर्द होऊन ओळीनें मांडल्यासारखे उमटले. मॉड कनिंग्टन बाईंनीं १९२६ पासून तेथें उत्खनन केलें, तों ते लांकडी खांबांचे खळगे निघाले; एकांत एक अशा सहा वर्तुळांत ते बसविलेले होते. मध्याजवळ एका बालकाचें दफन आढळलें खरें, पण तेवढ्यावरून त्या स्थानास थडगें म्हणतां येईना. त्यास आज वुडहेंज म्हणतात व विधिस्थान मानतात. चित्रानें जागा दाखविली, परंतु प्रकार ठरविला तो खणण्यानेंच.

हाच नियम आपल्याकडे जसाचा तसा लावूं जातां फसगत होते. विदर्भांत नागपूरनजीक जुनापाणी येथें सुमारें तीनशें शिलावर्तुळें आहेत. रिव्हेट-कार्नाक यांनीं १८७९ सालीं त्या प्रदेशांतील अशा अवशेषांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढें डॉ. शां. भा. देव यांनीं टाकळघाट-खापा, माहुरझरी व नायकुंड येथें उत्खननें केलीं. माहुरझरीस तर मृतांबरोबर पुरलेले घोडे व त्यांचे तांब्याचे अलंकार सांपडले. या वर्तुळांभोंवतीं बहुधा चर नसून मोठाल्या धोंड्यांचें कडें असतें व आंत माती आणि गोट्यांची भर असते. शेत वाढविण्यासाठीं धोंडे काढून नेले तरी खालची भर पुष्कळदां तशीच राहते. काळ्या मातीच्या शेतांत अशा भरीवर पीक विरळ येणार. म्हणून तेथें हिरव्या कड्यापेक्षां फिकट वाटोळा डाग शोधणें अधिक सयुक्तिक, असें आम्हांस वाटतें. धोंडे गेलेल्या थडग्याची तीच एक शेवटची खूण.

कोंकणांत हाही नियम लंगडा पडतो. हेदवीसारख्या गांवीं समुद्राकडे माडापोफळींच्या बागा, सखल भागीं भाताचे कुणगे आणि वर जांभ्याचा सडा. भात चिखलांत उभें असतां ओलीचा भेदच उरत नाहीं, शिवाय वर आभाळ भरलेलें. भात कापल्यावर मागें राहिलेल्या ओलीवर कडवे, कुळीथ, चवळी पेरतात. त्यांस पाऊस मिळत नाहीं. खुणा उमटल्याच तर या पिकांत उमटतील. चित्रें घ्यावयाचीं तर पौष-माघांत घ्यावीं.

सड्यावर माती बोट-दोन बोटें; तेथें पीक कसचें येणार? तेथें शोधावयाचीं तीं कातळशिल्पें. राजापूर तालुक्यांत कशेळी येथें जांभ्यांत कोरलेली हत्तीची आकृति सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून तिच्या पोटांत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. जवळ उभें राहणारास ती सबंध दिसत नाहीं, वरून घेतलेल्या चित्रांत दिसते. तथापि सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व डॉ. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनीं हीं शिल्पें हुडकलीं, तीं सडे पायांखालीं घालून व गांवकऱ्यांस विचारून. हें विसरूं नये. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचें गोठणें इत्यादि स्थळें २०२२ सालीं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत आलीं. यांस थडगीं म्हणण्यास कांहींच आधार नाहीं. विधिस्थानें म्हणणें हेंही अनुमानच आहे.

आतां हेदवीचें वर्तुळ. चैत्रांत आम्ही त्या जागीं गेलों. सड्याच्या कडेस गुडघ्याहूनही कमी उंचीचें, ढांसळलेलें दगडांचें वाटोळें बूड होतें, व त्याच्या भोंवतीं हातभर रुंदीचा काळ्या मातीचा पट्टा. वाटेनें गुरें नेणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस विचारतां ते हंसले व म्हणाले, "अहो, ही आमच्या आजोबांच्या वेळची उडवीची जागा." वर्षानुवर्षें तेथें गवत रचलें जाई, कुजलेला पेंढा दगडांच्या कडेनें सांचून माती झाली, आणि तिच्यांतील ओलीनें गवत महिनाभर अधिक हिरवें राहूं लागलें. स्नेह्यांची निराशा झाली. आमचीही थोडी झाली, हें कबूल करावयास हरकत नाहीं.

उडवीप्रमाणेंच खळें, गुरांचा जुना वाडा, चुन्याची भट्टी हीं सारीं वरून वाटोळींच दिसतात. सर्वांत फसवी ती भाजावळ : दाढ भाजलेल्या जागेची राख पुढल्या पावसांत गर्द हिरवा डाग उठविते. म्हणून एका चित्रावर कधीं विसंबूं नये. निरनिराळ्या वर्षांचीं व ऋतूंचीं चित्रें ताडून पाहावीं. भाजावळीचा डाग जागा बदलतो, पुरलेला चर बदलत नाहीं.

येथें संग्राहकांचें साहाय्य विशेष हवें आहे. इनामपत्रें व महजर यांत जमिनीची चतुःसीमा देतांना उभा धोंडा, दगडांची रास, जुनें खळें असे निर्देश येतात. एरवीं आपण ते ओलांडून सनदेचें साल आणि शिक्का पाहतों. ते उतरवून गांवनकाशावर बसविले, तर चित्रांतील कोणतें वर्तुळ दीडशें वर्षांपूर्वींचें खळें व कोणतें त्याहून जुनें, हें कुदळ न लावतां पुष्कळ अंशीं ठरेल. आणि हें लौकर व्हावें. चिरेखाणीचें यंत्र सड्यावर आलें म्हणजे कोरीव कातळ व कोरा कातळ यांत तें भेद करीत नाहीं.

मात्र नवीन जागेचा सर्व्हे नंबर छापूं नये. द्रव्य शोधणारे छापील मजकूर वाचतात. पुरातत्त्व खात्यास कळवून चित्राच्या पाठीवर महिना, पीक, पाऊस कसा झाला होता व कोणास विचारलें, एवढें लिहून ठेवावें. हेदवीचें चित्र आम्हीं अशीच नोंद करून स्नेह्यांकडे परत पाठविलें आहे. त्याच गांवच्या कुणग्यांचें, कडवे उभे असतांनाचें चित्र येत्या पौषांत घेण्याचें त्यांनीं मान्य केलें आहे.