घरातलं जुनं रिव्हॉल्व्हर : ठेवावं की विकावं?

खंडेनवमीला आपल्याकडे घरातली शस्त्रं आणि अवजारं मांडून पूजतात. कोयता, विळा, एखादी जुनी तलवार. तुळजापूरसारख्या भवानीमातेच्या गावी या पूजेला वेगळाच मान. काही मोजक्या घरांत या मांडणीत वडिलांचं किंवा आजोबांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हरही असतं. हा भाग १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पिढीला घरात शस्त्र असणं हा मोठा आधार वाटे. आता ती पिढी थकली. मुलं नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला. मग प्रश्न येतो, या रिव्हॉल्व्हरचं करायचं काय?

मंडळी, बहुतेक घरांत ही चर्चा किमतीपासून सुरू होते. ती सुरू व्हायला हवी परवान्यापासून. शेताचा सातबारा वारसांच्या नावे होतो, तसं शस्त्र आपोआप वारसाकडे येत नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो. तो माणूस गेला की घरच्यांनी शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. आठवण म्हणून ते ट्रंकेत राहू दिलं, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा होऊ शकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. घरच्यांचा हेतू वाईट नसतो, पण कायदा ट्रंकेतल्या वस्तूकडे पाहतो.

म्हणून निर्णय मालक हयात असतानाच व्हावा. २०१६च्या शस्त्र नियमांत त्याची सोय आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा त्याला कायदेशीर वारसाचं नाव सुचवता येतं. वारसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करायचा. पोलीस चौकशी होते, मगच परवाना मिळतो. एका व्यक्तीला २०१९पासून दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेलंही त्यातच मोजतात.

आता वस्तू कशी आहे ते पाहू. आधी चक्र उघडून ते रिकामं आहे याची खात्री करा. मग परवान्यावरचा क्रमांक आणि बोर शस्त्रावरच्या खुणांशी जुळतो का ते तपासा. पॉइंट ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर सामान्य परवान्यावर चालतं. ब्रिटिश लष्करी काडतुसांचं पॉइंट ३८ किंवा पॉइंट ४५५ निषिद्ध बोरमध्ये मोडतं, त्याची वाट वेगळी आणि अवघड. नळीत गंज आहे का, चाप ओढल्यावर चक्र जागच्या जागी घट्ट बसतं का, हे जाणकार कारागिरालाच पाहू द्या. पुष्कळ जण रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात ठेवतात. चामडं ओल धरतं आणि पोलाद आतून खातं. जुन्या काडतुसांचा तर भरवसाच नाही.

विकायचं ठरलं, तर एक गोष्ट जमेची आहे. १९८०च्या दशकापासून खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद झाली. त्यामुळे वेब्लीसारख्या जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला हौशी गिऱ्हाईक असतं. मात्र गिऱ्हाइकाकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा चालू परवाना हवा. विक्रीआधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. ‘आधी नेऊन ठेवा, कागद मागाहून करू’ हा व्यवहार जमिनीत एक वेळ खपेल, इथे नाही.

ठेवायचं ठरलं, तर जबाबदारीही घ्यावी लागेल. दर पाच वर्षांनी नूतनीकरण. निवडणुकीच्या काळात आदेश आला की जमा करणं. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. घरात लहान मुलं असतील, कुणी दारू पिणारं किंवा मनाने खचलेलं असेल, तर ते घरात नसणंच बरं. चोर येईल तेव्हा येईल, रागाचा क्षण रोज येऊ शकतो. आणि वरातीत हवेत बार काढायची हौस असेल, तर निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही आहे.

थोडक्यात, परवाना घेणारा, शस्त्राची निगा राखणारा आणि कागद सांभाळणारा माणूस घरात असेल, तर जरूर ठेवा. तसा कुणी नसेल, तर आजोबांची आठवण फोटोत राहील, रिव्हॉल्व्हर रीतसर विका. येत्या दसऱ्याआधी परवान्याची वही उघडा. मुदत पाहा, राष्ट्रीय नोंदीतला विशिष्ट क्रमांक त्यावर पडला आहे का तेही पाहा. आणि मुलाबाळांना समोर बसवून हा विषय एकदाचा मिटवा.