परमुलखातील आपला माणूस : शंकर गुहा नियोगी

एखाद्याचे गाव कोणते, असे विचारले की आपण त्याचे जन्मगाव सांगतो. परंतु काही माणसांच्या बाबतीत हे उत्तर अपुरे ठरते. छत्तीसगडचे कामगारनेते शंकर गुहा नियोगी हे अशांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १९४३ साली एका बंगाली कुटुंबात झाला. मूळ नाव धीरेश. बालपण आसामात आणि शिक्षण जलपायगुडीत झाले. १९६० नंतर ते कामासाठी भिलाईला आले. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्यात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली होती आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांचे शहर तिच्याभोवती वसत होते. नियोगींना कोक भट्टी विभागात नोकरी मिळाली. पण कामगारांना संघटित केल्यामुळे काही वर्षांतच ती गेली.

यानंतर ते खेड्यापाड्यांतून हिंडले. त्यांनी शेळ्या विकल्या, दानीटोला येथील खाणीत मजुरी केली. ‘शंकर’ हे नाव त्यांनी याच काळात घेतले. खाणीत काम करणाऱ्या आशा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. छत्तीसगडी बोली ते तेथल्या माणसांसारखीच बोलू लागले. आणीबाणीत त्यांना मिसा कायद्याखाली तुरुंगवास घडला.

संघर्ष आणि निर्माण

भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींतून येते. तेथे हजारो आदिवासी व अन्य स्त्री-पुरुष कंत्राटदारांच्या हाताखाली अल्प मजुरीवर राबत. १९७७ साली त्यांनी ‘छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ’ स्थापन करून नियोगींना नेतृत्व दिले. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी पैसे मिळावेत, ही त्यांच्या पहिल्या मागण्यांपैकी एक होती. त्या लढ्यात २ व ३ जून १९७७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात अकरा जणांचे प्राण गेले.

मजुरी वाढली, पण वाढीव पैसा दारूच्या गुत्त्यात जाऊ लागला. तेव्हा संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली आणि हजारो कामगारांनी दारू सोडली. गोळीबारात मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ, ३ जून १९८३ रोजी ‘शहीद रुग्णालय’ सुरू झाले. ते कामगारांच्या श्रमातून व वर्गणीतून उभे राहिले होते. अन्यायाशी झुंजावे आणि त्याच वेळी नवे काही उभारावे, हे नियोगींचे सूत्र होते. ‘छत्तीसगड मुक्ती मोर्चा’ हा त्यांनी स्थापन केलेला राजकीय पक्ष याच विचारातून जन्मला. १८५७ च्या काळात फाशी गेलेले वीर नारायण सिंह यांची स्मृती त्याने पुन्हा जागवली. लाल-हिरवा झेंडा कामगार आणि शेतकरी यांच्या एकीची खूण ठरला. १९८५ साली पक्षाचे जनकलाल ठाकूर विधानसभेवर निवडून आले.

हद्दपारीचा प्रयत्न

१९९० पासून नियोगींनी भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कामगारांना संघटित केले. कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन, एवढेच ते मागत होते. फेब्रुवारी १९९१ मध्ये नियोगींना अटक झाली. सुटकेनंतर त्यांना हद्दपार करण्याची कारवाई सुरू झाली. हद्दपारी म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत एखाद्याला विशिष्ट जिल्ह्यांत राहण्यास केलेली मनाई. ज्या मातीत त्यांनी घर, कुटुंब आणि संघटना उभारली, तिच्याच सीमेबाहेर त्यांना घालवण्याचा हा प्रयत्न होता. मात्र तो तडीस गेला नाही.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, भिलाईतील घरी झोपेत असताना, त्यांची गोळी घालून हत्या झाली. १९९७ साली दुर्गच्या सत्र न्यायालयाने दोन उद्योगपतींसह सहा जणांना दोषी ठरवले. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्यास जन्मठेप दिली. इतरांची मुक्तता कायम राहिली.

नियोगींच्या मृत्यूनंतरही कामगारांनी लढा सोडला नाही. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि अनेकांना प्राण गमवावे लागले.

परगावाहून आलेल्या माणसाला ‘बाहेरचा’ म्हणणे सोपे असते. पण जन्माने न लाभलेले गाव माणूस श्रमाने आणि सोबतीने आपले करू शकतो. नियोगींना कागदोपत्री हद्दीबाहेर काढू पाहणारे होते. खाणीतल्या मजुरांच्या मनात मात्र त्यांच्यासाठी अशी हद्द कधीच नव्हती.