विरल मृत्तिकायुक्त नॅनोफॉस्फर

विरल मृत्तिकायुक्त नॅनोफॉस्फर हे अतिसूक्ष्म कणांच्या स्वरूपातील प्रकाश देणारे पदार्थ होत. त्यांचे कण साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे असतात. एखाद्या स्फटिकात युरोपियम, टर्बियम, सिरियम अशा विरल मृत्तिका मूलद्रव्यांचे आयन अल्प प्रमाणात मिसळून ते तयार करतात. नाव फॉस्फर असले, तरी त्यात फॉस्फरस असतोच असे नाही.

कार्य

अतिनील किरण शोषल्यावर आयनातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातात व परतताना दृश्य प्रकाश देतात. युरोपियमयुक्त यिट्रियम ऑक्साइडाचा तांबडा प्रकाश सुमारे ६११ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. टर्बियमचा हिरवा प्रकाश सुमारे ५४५ नॅनोमीटरचा असतो. या आयनांतील ४एफ इलेक्ट्रॉनांभोवती ५एस व ५पी इलेक्ट्रॉनांचे आवरण असल्याने कण लहान केला तरी रंग फारसा बदलत नाही. क्वांटम बिंदूंचा रंग मात्र आकारानुसार बदलतो.

उपयोग व मर्यादा

नॅनोकण प्रकाश कमी विखुरतात. म्हणून पारदर्शक दर्शनपटलांसाठी ते उपयुक्त ठरतात. परंतु कण जितका लहान, तितके पृष्ठभागावरील अणूंचे प्रमाण अधिक. तेथील दोषांमुळे शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते व तेज घटते. त्यामुळे निळ्या एलईडीपासून पांढरा प्रकाश मिळविण्यासाठी सिरियमयुक्त यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटचे मायक्रोमीटर आकाराचे कणच प्रामुख्याने वापरतात. नॅनोकणावर आयनविरहित स्फटिकाचे कवच चढविल्यास गमावलेले तेज काही अंशी परत मिळते.