रसायनाने भाजल्यास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आम्ल किंवा अल्कली यांसारख्या दाहक पदार्थाच्या स्पर्शाने त्वचेच्या पेशी नष्ट होणे म्हणजे रासायनिक भाजणे होय. रसायन त्वचेवर असेपर्यंत ऊतींचा, म्हणजे पेशीसमूहांचा, नाश चालूच राहत असल्याने पहिल्या काही मिनिटांतील प्रथमोपचार निर्णायक ठरतात.

गैरसमज 1 : आम्ल सांडल्यास खाण्याचा सोडा आणि अल्कली सांडल्यास लिंबू चोळावे.

वस्तुस्थिती : आम्ल आणि अल्कली परस्परांचा प्रभाव नाहीसा करतात त्या अभिक्रियेला उदासिनीकरण म्हणतात, तीत उष्णता निर्माण होत असल्याने त्वचा अधिक भाजू शकते आणि सोडा किंवा लिंबू शोधण्यात मोलाचा वेळही जातो. वाहते पाणी रसायन विरल करते व वाहूनही नेते. म्हणून भाजलेला भाग नळाखाली किमान 20 मिनिटे, अल्कली असल्यास त्याहून अधिक वेळ, धरावा आणि धुतानाच रसायनाने भिजलेले कपडे व दागिने काढावेत. ओघळणारे पाणी डोळ्यांत किंवा निरोगी त्वचेवर जाऊ देऊ नये, तसेच मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

गैरसमज 2 : रसायन कोणतेही असो, प्रथम पाणीच ओतावे.

वस्तुस्थिती : कळीच्या चुन्याचा पाण्याशी संयोग होताच तीव्र उष्णता निघते, त्यामुळे अशी कोरडी भुकटी आधी झटकून काढावी आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. प्रयोगशाळांतील सोडियम, पोटॅशियम हे धातू पाण्याच्या संपर्कात पेट घेत असल्याने त्यांचे कण त्वचेवर असताना पाणी वापरत नाहीत.

गैरसमज 3 : वेदना कमी असेल तर इजाही किरकोळ असते.

वस्तुस्थिती : बहुतेक आम्लांमुळे त्वचेतील प्रथिने साकळून कठीण थर तयार होतो व तो आम्लाला काही अंशी अडवतो, कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली मात्र प्रथिने व मेद विरघळवत खोलवर उतरते. ओले सिमेंटही तीव्र अल्कधर्मी असते, आणि ते बुटात शिरल्यास कामगाराला काही तासांनंतरच वेदना जाणवतात. तोवर जखम खोल गेलेली असू शकते.

गैरसमज 4 : हळद, तूप किंवा टूथपेस्ट लावल्याने आराम पडतो.

वस्तुस्थिती : अशा लेपाखाली रसायन कोंडले जाते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि डॉक्टरांना जखमेची खोली नीट तपासता येत नाही. बर्फानेही ऊतींची हानी होते. धुऊन झाल्यावर जखम स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाकणे पुरेसे असते. फोड फोडू नयेत.

इजा डोळे, चेहरा, हात किंवा जननेंद्रियांना झाली असल्यास अथवा खोल वा विस्तृत असल्यास धुणे चालू ठेवूनच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रसायनाच्या बाटलीवरील नाव डॉक्टरांना सांगावे. स्वच्छतेचे अ‍ॅसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. ते मूळ बाटलीत, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवणे ही प्रत्येक घराची जबाबदारी आहे.