पावाची भट्टी आणि लाकडाचा धूर

मुंबईतील बेकरीवाल्या बांधवांनी उच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०२५ चा आदेश नीट समजून घ्यावा. लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनावर न्याव्यात, असे न्यायालयाने सांगितले. त्यावरून महापालिकेने ८ जुलै २०२५ ची मुदत देऊन नोटिसा काढल्या. नवी बेकरी लाकडावर काढू म्हटल्यास मंजुरी नाही.

हा धंद्यावर घाला आहे, असे अनेकजण म्हणतात. खर्चाची काळजी आम्हालाही कळते. पण भट्टीत जळते ते पुष्कळदा मोडक्या फर्निचरचे लाकूड, स्वस्त पडते म्हणून. त्यावरचा रंग आणि प्लायमधला चिकट मसाला जळून विषारी धूर होतो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोल उतरतात. शेजाऱ्यांची तक्रार नंतरची. आधी तो धूर गिळतो आपला कारागीर, जो बहुधा रात्री तिथेच पोटमाळ्यावर झोपतो.

गल्लीत पाइपचा गॅस मिळेल का, याची चौकशी लेखी करावी. नसेल तर सिलिंडर किंवा वीज. जागा भाड्याची असल्यास मालकाची संमती घेऊनच पैसा घालावा. परवान्यात इंधनाची नोंद बदलून घ्यावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.