टायरकडे मी का बघायचं?

भेंडी घेताना मी शेंडा मोडून बघते. नारळ कानाशी नेऊन हलवते. ब्रेडच्या पुड्यावरची तारीख चष्मा लावून वाचते आणि दुकानदारानं पुढची पुडी दिली तर मागची काढायला लावते. एवढी चिकित्सक बाई मी; पण ज्या मोटारसायकलवर मागे बसून मी आठ वर्षं गावंच्या गावं पालथी घातली, तिच्या टायरकडे एकदाही वाकून बघितलं नव्हतं. तो यांचा विषय. माझा विषय म्हणजे डबा, पाण्याच्या बाटल्या आणि गोळ्या-औषधं!

आम्ही कराडचे. मुलगा आजीपाशी दोन दिवस राहण्याएवढा मोठा झाला, तेव्हा २०१६ साली आम्ही बजाजची अ‍ॅव्हेंजर क्रूझ घेतली. बसायला ऐसपैस, मागे टेकायला पाठ. बचतगटाची कामं, सासूबाईंचं दुखणंखुपणं, यांची बँक या सगळ्यातून सवड काढून आम्ही पन्हाळा, गोकर्ण, हंपी केलं. शेजारणी म्हणायच्या, ‘‘या वयात हौस आहे बाई!’’ मी हसायची. हौस होतीच.

२०२४ च्या जुलैमध्ये वन्संना भेटायला चिपळूणला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे दाखवायला नेली, तेव्हा मीही बरोबर होते. मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, मागचा टायर संपलाय. बदलून घ्या.’’ हे म्हणाले, ‘‘एवढा पावसाळा निघेल हो. दिवाळीत बघू.’’ मी ऐकलं. हातात भाजीची पिशवी होती. मनात आलं, जाणकार माणूस सांगतोय तर ऐकावं यांनी. पण बोलले नाही. गाडीतलं मला काय कळतं?

परत येताना कुंभार्ली घाटात धो धो पाऊस. रस्त्यावरून पाणी आडवं वाहत होतं, धुक्यानं पुढचं वळण दिसत नव्हतं. गाडी सावकाशच होती. एका वळणावर मागचं चाक पायाखालची चटई ओढावी तसं सर्रकन बाजूला गेलं आणि काही कळायच्या आत आम्ही रस्त्यावर. मागून एसटी येत होती. त्या ड्रायव्हरदादांनी ती वेळेत थांबवली म्हणून आज हा लेख लिहितेय. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. यांचा गुडघा सोलला, माझ्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. कणीक हे मळायचे. घरात कुणी कुणाला दोष दिला नाही, पण त्या न दिलेल्या दोषाचंही ओझं असतं. यांना वाटत होतं, मिस्त्रींचं ऐकायला हवं होतं. मला वाटत होतं, मी तिथं उभी होते, ऐकत होते आणि गप्प बसले.

प्लास्टर असतानाच एक दिवस मी रिक्षा करून मिस्त्रींकडे गेले. म्हटलं, ‘‘दादा, मला तो टायर दाखवा. मला समजून घ्यायचंय.’’ ते आधी हसले, मग स्टूल पुसून दिलं. ‘‘बसा वहिनी.’’

मागचा टायर मधोमध सपाट झाला होता, जुन्या पाट्यासारखा. गुळगुळीत. कडांना मात्र नक्षी शिल्लक होती. मिस्त्री म्हणाले, हायवेवर सरळ गाडी चालवली की टायर मधेच घासतो. वळणावर गाडी कलते तेव्हा तो गोल असावा लागतो. असा चौकोनी झाला की गाडी कलताना अडखळते. आणि ती नक्षी शोभेची नसते. खाचांमधून पाणी बाहेर फेकलं जातं, मग रबर डांबराला टेकतं. खाचाच नसतील तर पाण्याला वाटच राहत नाही आणि चाक पाण्यावर तरंगतं. खाचांच्या तळाशी मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की संपला. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं असतात, त्या रेषेत खाचेमध्ये बघायचं. आमचा टायर तिथवर कधीच पोचून पुढेही गेला होता.

पुढच्या टायरची नक्षी मात्र शाबूत होती. मी म्हटलं, ‘‘हा चांगला आहे की!’’ मिस्त्रींनी बोटानं कड दाबून दाखवली. थंडीत टाचांना पडतात तशा बारीक भेगा. मग त्यांनी एका लांबट वर्तुळातले चार आकडे दाखवले : १११६. ‘‘ही याची जन्मतारीख. अकरावा आठवडा, २०१६ साल.’’ मी थक्क झाले. ब्रेडची तारीख वाचणाऱ्या मला आठ वर्षं ही तारीख दिसली नव्हती! रबर न झिजताही म्हातारं होतं. उन्हानं, हवेनं कडक होत जातं, पकड सुटते. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही दिसो, बदलून टाकावा, असा टायर कंपन्यांचाच सल्ला असतो. भेगा पडल्या तर तेवढीही वाट बघायची नाही.

म्हणजे दोन्ही टायर घ्यायचे होते. घरी आल्यावर मी यांना म्हटलं, ‘‘अहो, या वेळी टायर घ्यायला मी येणार.’’ हे काही बोलले नाहीत. फक्त मान हलवली.

जाण्याआधी मी गाडीचं पुस्तक काढून टायरवरच्या आकड्यांशी पडताळून बघितलं. मागचा १३०/९०-१५, पुढचा ९०/९०-१७. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. शेवटचा म्हणजे रिमचा व्यास इंचांत. त्यापुढे मागच्या टायरवर ‘६६ पी’ असं होतं. ६६ म्हणजे तो टायर ३०० किलोपर्यंत भार पेलतो आणि ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगापर्यंत चालतो. हे म्हणाले, ‘‘बघ, तुझ्या लाडवांच्या डब्यासकट सगळं बसतंय यात.’’ अपघातानंतर घरात पहिल्यांदा विनोद झाला, म्हणून मीही तो चालवून घेतला.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, ‘‘आई, मागे जाड टायर टाका, भारी दिसतो.’’ मिस्त्रींनी त्याला परस्पर उत्तर दिलं. रिम जेवढी आहे तेवढ्याच मापाचा टायर. पायापेक्षा मोठा बूट घातला तर ऐटीत दिसतो, पण ठेच लागते.

पहिल्या दुकानात मालकांनी बोलणं केलं ते फक्त यांच्याशी. टायर बाहेर आला, चकाचक. मी वाकले, चष्मा लावला, एका हातानं फिरवून ते वर्तुळ शोधलं. ३०२०. म्हणजे चार वर्षं दुकानातच. मी म्हटलं, ‘‘दादा, ताजा नाही का?’’ ते म्हणाले, ‘‘ताई, टायर काय दूध आहे का नासायला?’’ नीट सावलीत ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर चालतो, हे मलाही मिस्त्रींनी सांगितलं होतं. पण चार वर्षं आयुष्यातली दुकानात गेलेला टायर पूर्ण किमतीला मी का घेऊ? आम्ही उठलो. पायऱ्या उतरताना हे हळूच म्हणाले, ‘‘मी असतो तर घेतला असता.’’

दुसऱ्या दुकानात काही महिन्यांपूर्वीचा माल होता आणि मालकही समजावून सांगणारे निघाले. खरी निवड इथं झाली. त्यांनी तीन प्रकार पुढे ठेवले. एक कडक रबराचा, जास्त किलोमीटर जाणारा. दुसरा जरा मऊ रबराचा, ओल्या रस्त्याला चांगला धरणारा, पण लवकर झिजणारा आणि थोडा महागही. तिसरा मोठ्या बटणांचा, कच्च्या रस्त्यासाठी. कोकणातले खड्डे आठवून माझा हात आधी बटणांच्या टायरकडेच गेला. मालक म्हणाले, ‘‘ताई, चिखलात हा राजा. पण तुम्ही फिरणार डांबरावर. तिथं बटणांमधली मोकळी जागा रस्त्याला टेकत नाही. जेवढं रबर कमी टेकणार, तेवढी पकड कमी.’’

मग कडक की मऊ? यांनी बँकेच्या सवयीनं हिशेब मांडला, किलोमीटरमागे किती पैसे. कडक टायर स्वस्त पडत होता. मी माझा प्लास्टरचा हात काउंटरवर ठेवला. म्हटलं, ‘‘यात हाही धरा. एक्स-रे, डॉक्टर, रिक्षा आणि गटाची सहा आठवड्यांची राहिलेली कामं.’’ दुकानातला पोरगा तोंड फिरवून हसला. पण मला खरंच ते म्हणायचं होतं. वर्षातले तीनशे दिवस कुठलाही टायर चालेल. टायर घ्यायचा तो उरलेल्या दिवसांसाठी, घाटातल्या त्या एका ओल्या वळणासाठी. आम्ही मऊ रबराचा, खोल खाचांचा रस्त्याचा टायर घेतला. पुढचा-मागचा एकाच कंपनीचा, एकाच जोडीतला, म्हणजे दोघांचं आपसात जमतं. नवरा-बायकोसारखं म्हणा ना!

आमच्या गाडीला तारांची चाकं. तारांच्या भोकांतून हवा जाते, म्हणून आत ट्यूब लागते. टायर नवा आणि ट्यूब जुनी, असं करू नये. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडून पंक्चर होतं. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ती जागा नव्हे. टायरच्या कडेला बाण असतो. चाक पुढे फिरतं त्याच दिशेला तो हवा, नाहीतर पाणी फेकणारी नक्षी उलटी होते. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी यायला हवा, कारण टायरचा तो भाग सगळ्यात हलका असतो. हे सगळं मी उभी राहून बघितलं. बाण बरोबर बसला होता. पण बघितल्याचं समाधान वेगळंच!

निघताना मालक म्हणाले, ‘‘पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून. जोरात ब्रेक नको, वळणावर फार कलवू नका.’’ नव्या टायरच्या पाठीला साच्यातली चकाकी असते. ती घासून गेल्यावरच पकड येते. नवी म्हणून तोऱ्यात चालवली आणि पडली, असंही होतं म्हणे.

आणि हवा! पंपावर आपण ‘टाक तीस पॉइंट’ म्हणून मोकळे होतो. पुस्तकात मागच्या टायरसाठी दोन आकडे असतात, एकट्याचा वेगळा आणि मागे कुणी बसणार असेल तर जास्तीचा. म्हणजे कंपनीनं सुद्धा मागे बसणारीचा विचार केलेला असतो. आपणच करत नाही. हवा सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना बघायची. चालून टायर तापला की आकडा फुगवून दाखवतो.

वाचता वाचता एक गोष्ट कळली. हवेचा टायर घराघरांत पोचला, त्याची सुरुवात बेलफास्ट शहरातल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरापासून झाली. त्याचा मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा. खडबडीत रस्त्यावर त्याला हादरे बसू नयेत म्हणून बापानं हवा भरलेली रबरी नळी चाकांना गुंडाळली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे टायर जन्मला तो घरातल्या माणसाच्या काळजीपोटी. मग तो ‘आपला विषय नाही’ कसा?

प्लास्टर निघाल्यावर गटाची पहिली बैठक झाली. पापडाचा हिशेब झाल्यावर मी सगळ्यांना बाहेर अंगणात नेलं. म्हटलं, ‘‘आपापल्या स्कूटीपाशी वाका.’’ पदर खोचून बायका वाकल्या. कुणाला तारीख सापडेना, कुणाला सापडली आणि ती ओरडली, ‘‘अगं बाई, माझ्या लेकीच्या बारशाच्या आधीचा आहे हा!’’ ती लेक आता सहावीत. रोज त्याच स्कूटीवर पुढे उभी राहायची, आता मागे बसून शाळेत जाते. ती बाई घरी जाऊन नवऱ्याशी भांडली नाही. तिनं गटातून कर्ज काढलं आणि दोन टायर घेतले. वहीत कर्जाचं कारण लिहिताना मी क्षणभर थांबले. शिलाई मशीन, म्हैस, फी अशी कारणं असतात. मी लिहिलं : टायर.

नोव्हेंबरात आम्ही पुन्हा चिपळूणला निघालो. खोटं कशाला बोलू, घाट उतरताना माझा जीव मुठीत होता. त्या वळणावर यांनी वेग आणखी कमी केला. कोरडा रस्ता, गाडी अलगद वळली. मी डोळे उघडले.

पण मला आठवतं ते त्या पहाटेचं. निघायच्या आधी हे हातात हवा मोजायचं यंत्र घेऊन पुढच्या चाकापाशी बसले होते. मी डबा बांधून बाहेर आले, तर मान वर न करता म्हणाले, ‘‘पुढचं मी बघितलं. मागचं तू बघ. तुझी बाजू आहे ती.’’

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी ‘हे’ घरी आले, की चहा टाकायच्या आधी दोन मिनिटं अंगणात जा. स्कूटी असो, मोटारसायकल असो, वाका आणि बघा. रस्त्याला टेकतो तो एकेका चाकाचा फक्त तळहाताएवढा तुकडा. आपलं सगळं घर त्यावर बसून जात असतं.